धाकटी शिडाच्या बोटीतून अटलांटिक ओलांडणार, तीन आठवडे घरच्यांशी संपर्क कसा ठेवायचा?

मंगळवारपेठकर:

नमस्कार मंडळी. विषय जरा वेगळाच आहे, कोल्हापुरात कुणाला विचारायचं तेच कळंना म्हणून इथं टाकतोय. आमचा पाण्याशी संबंध किती, तर संध्याकाळी रंकाळ्याला एक फेरी आणि पावसाळ्यात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या वर गेली का ते बघणं. आणि आमच्यातली पोरगी निघालीय अटलांटिक ओलांडायला, ते पण शिडाच्या बोटीतनं.

धाकटी बहीण इंग्लंडात साऊदम्प्टनला नोकरी करते, तिथंच क्लबात सेलिंग शिकली, आता शनिवार-रविवार दुसरं काही नसतं तिला. ओळखीचे एक नवरा-बायको आहेत साठीच्या आसपासचे, त्यांची स्वतःची चाळीस फुटी बोट आहे, ते नोव्हेंबरअखेर एआरसी (अटलांटिक रॅली फॉर क्रूझर्स) म्हणून जी शिडाच्या बोटींची रॅली असते त्यातनं निघणार आहेत आणि ही त्यांच्याबरोबर क्रू म्हणून. कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासपासून कॅरिबियनमधल्या सेंट लुसियापर्यंत, साधारण २,७०० सागरी मैल म्हणजे ५,००० किलोमीटर, मध्ये थांबायचं काही नाही. अठरा ते एकवीस दिवस धरा म्हणते.

तिची भीती नाही मला, ती पक्की आहे. प्रश्न घरचा आहे. आई रोज तिचा मेसेज आल्याशिवाय चहा घेत नाही. वडील वरवर 'जाऊ दे की, शिकलेली पोरगी हाय' म्हणतात आणि रात्री गुपचूप मोबाईलवर नकाशा मोठा करून बघत बसतात. आजी ऐंशीच्या पुढची, तिनं अंबाबाईला काय काय बोललंय ते तिलाच ठाऊक.

आता विचारायचं ते असं की बोटीवर म्हणे इरिडियम गो नावाचं उपग्रहावरनं चालणारं यंत्र आहे, तर त्यावर व्हॉट्सअप चालतं का, निदान एक फोटो तरी? दुसरं, माझा मामेभाऊ अमेरिकेतनं दिवाळीला यायलाय, त्याच्याकडनं गार्मिनचं ते इनरीच, म्हणजे उपग्रहावरनं मेसेज पाठवायची छोटी डबी, मागवून घ्यायचं आणि इथनं तिला कुरिअर करायचं असं डोक्यात आहे, म्हणजे तिचं तिला वेगळं राहील. आणि सगळ्यात महत्त्वाचं, समजा दोन दिवस मेसेजच आला नाही तर आम्ही काय समजायचं आणि फोन कुणाला लावायचा? गुगलवर बघितलं तर सगळं बोटवाल्यांसाठी लिहिलेलं, घरात बसून वाट बघणाऱ्यांसाठी कुणी काही लिहिलेलं दिसलं नाही.

दर्यावर्दी_काका:

भावा, बाकीचं मागाहून, आधी मामेभावाला मेसेज टाक की ते यंत्र घेऊन भारतात येऊ नको. आज टाक, दिवाळीची वाट बघू नको.

आपल्याकडं सॅटेलाइट फोन विनापरवाना जवळ असणं हाच गुन्हा आहे, १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस कायदा लावत आलेत. २६/११ नंतर तर थुराया आणि इरिडियम ही सॅटेलाइट फोनवाल्या कंपन्यांची दोन नावं काढली तरी कस्टमवाले ताठ होतात, आम्ही जहाज घेऊन भारतीय हद्दीत शिरताना असली यंत्रं बंद करून ठेवायच्या सूचना यायच्या. इनरीच दिसायला ट्रेकिंगचं खेळणं वाटतं पण आतून ते इरिडियमवरच बोलतं. गोव्याच्या विमानतळावर चांगले फिरायला आलेले परदेशी पाहुणे एवढ्याशा यंत्रापायी अडकलेत, पेपरात बातम्या आल्या होत्या. कायदेशीर रस्ता म्हणजे लायसन काढून बीएसएनएलमार्फत इनमारसॅटचा फोन, पण तुला इथं बसून त्याचा काय उपयोग. तिला म्हणावं तिकडंच विकत घे, तिकडं भाड्यानंही मिळतं. आणि पुढं सुट्टीला घरी येताना ते तिकडंच ठेवून यायचं, हे पण आत्ताच सांगून ठेव, बॅगेच्या कप्प्यात विसरून येतात लोक.

आता इरिडियम गो. इरिडियमचे ६६ उपग्रह साधारण ७८० किलोमीटर उंचीवरून ध्रुवापासून ध्रुवापर्यंत फिरत असतात, त्यामुळं पृथ्वीवर कुठंही असा, एक तरी डोक्यावर असतोच. पण एकेक उपग्रह काही मिनिटांत क्षितिजाखाली जातो, मग दुसऱ्यानं लाइन उचलायची, त्यात कधी कधी कॉल तुटतो. तुटला की आई म्हणणार काहीतरी झालं. काही झालेलं नसतं, परत लागतो. आणि डेटाचा वेग म्हणशील तर २.४ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला २.४ किलोबिट. आपला एक साधा दोनशे केबीचा फोटो त्यातनं पाठवायचा तर हिशोबानं ११ मिनिटं, ते पण मध्ये लाइन तुटली नाही तर. म्हणजे व्हॉट्सअप विसरा. साधा मजकुराचा ईमेल जातो, एसएमएस जातो, हवामानाच्या छोट्या फाइली उतरतात, बोलता येतं. त्याचंच नवीन मॉडेल आहे एक्झेक नावाचं, ते बरंच जलद आहे, त्यांच्याकडं कुठलं आहे ते विचार.

इरिडियमवरनं फोन आला तर नंबर +८८१६ नं सुरू होणारा दिसेल. सेव्ह करून ठेव, नाहीतर कुठला तरी फ्रॉड म्हणून आई कट करायची. त्या नंबरावर आपण उलटा फोन लावायचा नाही, मिनिटाचा दर बघून डोळे पांढरे होतील. बोलायचं तर तिनं करायचा.

नादखुळा_कोल्हापूर:

एवढं कशाला ओ काका, स्टारलिंक बसवायचं की बोटीवर, मधल्या समुद्रातनं रील टाकतात पोरं आता. आज्जीला रोज व्हिडिओ कॉल, विषय संपला 😎

दर्यावर्दी_काका:

बसवतात की, नाही कोण म्हणतंय. स्टारलिंकचे उपग्रह एकमेकांशी लेसरनं बोलतात त्यामुळं जवळपास जमिनीवरचं स्टेशन नसलं तरी भर महासागरात नेट मिळतं, आणि हल्ली लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या बऱ्याच बोटींवर ती थाळी दिसते. पण दोन गोष्टी आहेत.

एक म्हणजे वीज. शिडाच्या बोटीत लाइटबिल येत नाही पण लाइट पण येत नाही. चार बॅटऱ्या, सोलर पॅनल, लागलंच तर इंजिन. त्यातली छोटी मिनी थाळी धरली तरी सरासरी ३० वॅटच्या आसपास खाते, दिवसभर चालू ठेवली तर ७०० वॅट-अवरच्या वर, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतले रोजचे ६० अँपिअर-अवर. त्याच बॅटरीवर ऑटोपायलट, रात्रीचे दिवे, फ्रिज, आणि आसपासच्या जहाजांना आपली जागा सांगणारं एआयएस. म्हणून शहाणा स्किपर, म्हणजे बोटीचा कप्तान, ती दिवसातनं तासभर लावतो आणि बंद करतो. दुसरं, किनाऱ्यापासून लांब गेलं की जमिनीवरचा प्लॅन चालत नाही, समुद्रातला डेटा जीबीवर मोजून पैसे घेतात, आणि ते पैसे बोटमालकाचे असतात, पाहुण्या क्रूचे नाहीत.

आणि खरं सांगू का, रोजच्या व्हिडिओ कॉलची सवय लावलीत की ज्या दिवशी कॉल येणार नाही त्या दिवशी तुमच्या घरात रडारड. थाळीत खारं पाणी शिरलं, वायर गंजली, एवढ्यानं ते बंद पडू शकतं. ज्या गोष्टीवर घरची झोप अवलंबून ठेवायची ती सगळ्यात साधी असावी, बटणाएवढी.

मंगळवारपेठकर:

बाप रे. मामेभावाला फोनच केला सरळ, त्यानं ऑर्डर करून टाकलं होतं, आता ते तो तिकडनंच तिच्या पत्त्यावर इंग्लंडला पाठवणार. काका लई उपकार. बोटीवर स्टारलिंक आहे पण स्किपरबाई (त्या जोडप्यातल्या बाईच कप्तान आहेत) म्हणाल्या फक्त हवामानासाठी लावणार.

जहाजावरच्याची_बायको:

दादा, तुमचं वाचून आमच्या लग्नानंतरचे दिवस आठवले. आमचे हे मर्चंट नेव्हीत आहेत, माहेर कोल्हापूर, सासर रत्नागिरी. सुरुवातीला जहाजावर नेट वगैरे काही नव्हतं, बंदराला लागले की कार्ड घेऊन फोन करायचे, तोवर पत्ता नाही. आता वायफाय आहे. तर दोन्ही बघितलेली बाई म्हणून सांगते, यंत्र कुठलं ते काका सांगतीलच, घरी काय ठरवायचं ते मी सांगते.

पहिलं म्हणजे मेसेज एकाच माणसाला येऊ दे. तुम्ही घ्या ती जबाबदारी. तिनं तुम्हाला पाठवायचं आणि तुम्ही घरच्या ग्रुपवर टाकायचं. नाहीतर आईला वेगळा, बाबांना वेगळा, मैत्रिणींना वेगळा, आणि एकाला आला दुसऱ्याला नाही आला की घरात फोनाफोनी सुरू. माझी सासू एकदा माझ्यावर आठवडाभर रुसली होती त्याच्यावरनं.

वेळेचं नीट समजून घ्या. निघताना कॅनरीला असेल तेव्हा ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, सेंट लुसियाला पोचेल तेव्हा साडेनऊ तास मागे. म्हणजे ती 'रोज सकाळी आठला मेसेज करते' म्हणाली तर निघताना तो तुम्हाला दुपारी दीडला येणार आणि पोचता पोचता संध्याकाळी साडेपाचला. बोट पश्चिमेला सरकत जाते तसा मेसेज रोज थोडा थोडा उशिरा येणार, आणि तुमची आई घड्याळ बघून म्हणणार काल तर अडीचला आला होता. म्हणून बोटीच्या घड्याळावर ठरवूच नका, यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर ठरवा. दुपारी १२ यूटीसी म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच, कायम. आणि त्यात पण 'साडेपाच ते रात्री झोपेपर्यंत कधीही' असंच घरी सांगा. बोटीवर रात्रीच्या पाळ्या असतात, पहाटेची पाळी करून ती दिवसा झोपलेली असू शकते.

आणि मेसेज काय लिहायचे. 'कशी आहेस, जेवलीस का, काळजी घे, आम्ही वाट बघतोय' हे रोज पाठवू नका हो. त्याला ती काय उत्तर देणार आणि पैसे कुणाचे जाणार. माणसाला समुद्रात घरचं फालतू ऐकायचं असतं. आमचे हे म्हणतात की मुलगी पास झाली ही बातमी बरी वाटली पण शेजारच्यांनी आमच्या दारात गाडी लावली आणि त्यावरनं भांडण झालं हे वाचून जास्त घरी आल्यासारखं वाटलं. तर शाहू स्टेडियमवर पाटाकडील जिंकली का हरली, उसाला पहिली उचल किती ठरली, आजीनं कुणाला काय टोमणा मारला, असलं पाठवा. तुमच्याकडनं मेसेजला नंबर घाला, १, २, ३ असा, कारण सॅटेलाइटवरनं कधी मागचा पुढं पुढचा मागं येतो, कधी एखादा गळतो, नंबर असला की तिला कळतं. आणि एसएमएस पाठवणार असाल तर मराठी रोमनमधनं लिहा, देवनागरीत लिहिलं की १६० ऐवजी ७० अक्षरांतच एक मेसेज भरतो.

शेवटचं बोलायला जड जातंय पण बोलते. आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत म्हणालात. मागं काही झालं तर तिला कळवायचं का नाही, हे जाण्याआधी तिलाच विचारा. तुम्ही आपल्या मनानं ठरवू नका. जहाजावर निदान कॅप्टनला आधी कळवून त्याच्या तोंडून सांगता येतं, पुढच्या बंदराला उतरवून विमानानं पाठवतात. या बोटीला मध्ये बंदरच नाही, आणि काका सांगतील, वारा मागनं असतो त्यामुळं अर्ध्यातनं वळून परत येणं पण होत नाही म्हणे. म्हणजे बातमी कळून तिला करता काही येणार नाही. काहींना तरी पण कळायला हवं असतं, काहींना नको असतं. आणि बोटीचा ईमेल बहुतेक एकाच टॅबवर असतो, चौघं वाचतात. असलं काही लिहायचं झालं तर ते स्किपरबाईंना उद्देशून कसं लिहायचं ते पण बोलून घ्या.

व्हीयूवाला_सांगली:

वारा मागून असतो ते बरोबर. व्यापारी वारे ईशान्येकडून येतात, त्यांच्यावर तर हा सगळा रस्ता आहे. उलट फिरून वाऱ्याच्या तोंडावर चाळीस फुटी बोट नेणं म्हणजे पुढं जाण्यापेक्षा जास्त हाल.

मी हॅम रेडिओवाला, त्यामुळं माझं एक शेपूट जोडतो. उपग्रह यायच्या आधी आणि अजूनही बऱ्याच बोटींवर एचएफ म्हणजे लघुलहरींचा रेडिओ असतो, तो आयनोस्फिअर या वातावरणाच्या वरच्या थरावरनं लाटा परावर्तित होऊन हजारो किलोमीटर पोचतो, महिन्याचं बिल शून्य. १४.३०० मेगाहर्ट्झवर समुद्रातल्या हॅमवाल्यांचं नेट, म्हणजे रेडिओवरची बैठक, चालतं, ठरलेल्या वेळी सगळे आपली जागा सांगतात. बोलायला लायसन लागतं, आपल्याकडं परीक्षा द्यावी लागते, पण ऐकायला इंटरनेटवरचे वेबएसडीआर रिसिव्हर आहेत, घरबसल्या ब्राउझरमध्ये ऐकू येतं. मात्र ऐकू येईलच असं नाही, सूर्याच्या मर्जीवर आहे सगळं. आईंना याच्या नादी लावू नका, वडिलांना लावा. नकाशा बघणाऱ्या माणसाला खरखर ऐकायला पण आवडते.

मंगळवारपेठकर:

ताई, तुमचं घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. आई काही बोलली नाही, उठून आत गेली, आणि थोड्या वेळानं येऊन म्हणाली साडेपाचचं कबूल आहे.

सांगलीकर साहेब, बाबांनी तुमचं ऐकून लगेच लॅपटॉप मागितलाय, आता भोगा.

अजून एक. रॅलीवाल्यांनी प्रत्येक बोटीवर ट्रॅकर बसवलेला असतो म्हणे आणि वेबसाइटवर नकाशात बोट दिसते. हे तर भारी आहे. पण बाबा मरीन ट्रॅफिकचं जहाजं दाखवणारं अ‍ॅप पण घेऊन बसलेत आणि त्यात बघितलं तर तिच्या स्किपरची बोट गेल्या आठवड्यात मध्येच गायब झाली, दोन दिवसांनी पोर्तुगालच्या बंदरात उगवली. तेव्हापासून त्यांचा या सगळ्यावरनं विश्वास उडालाय. ह्या दोन्हीत फरक काय?

दर्यावर्दी_काका:

बाबांना सांग ते अ‍ॅप काढून टाका. खरंच. त्यात दिसतं ते एआयएस, ते बोटीबोटींची टक्कर होऊ नये म्हणून असतं. शिडाच्या छोट्या बोटीवर असतो तो क्लास बी, म्हणजे कमी ताकदीचा, दोन वॅटचा, किनाऱ्यावरच्या अँटेनापर्यंत जेमतेम वीस-चाळीस मैल पोचतो. त्यापुढं उपग्रहानं ऐकला तर ऐकला. किनारा सुटला की ती बोट नकाशावरनं जाणारच, यात बिघाड काही नाही.

रॅलीचा ट्रॅकर वेगळा. वायबी नावाची पिवळी डबी असते, स्वतःची बॅटरी, इरिडियमवरनं ठरावीक वेळानं जागा पाठवते. रॅलीच्या पानावर सगळ्या बोटी दिसतात. आता ती बघताना घरच्यांनी घाबरायच्या ज्या तीन-चार गोष्टी आहेत त्या आधीच सांगतो. सुरुवातीला बोट कॅरिबियनकडं जाताना दिसणारच नाही, आफ्रिकेच्या कडेनं खाली केप व्हर्डे बेटांच्या दिशेनं जाईल. जुने दर्यावर्दी म्हणायचे लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला जा मग पश्चिमेला वळ, कारण खाली उतरल्यावर व्यापारी वारे सापडतात. तेव्हा 'पोरगी चुकली' असं म्हणायचं नाही. वेग दिसेल पाच-सहा नॉट, म्हणजे ताशी नऊ ते अकरा किलोमीटर, आपल्या सायकलीचा. एखाद्या दिवशी दोन नॉट दिसेल, म्हणजे वारा पडलाय, बसलेत कंटाळत. नागमोडी रेघ दिसेल, वारा बरोबर मागनं असला की शिडाची बोट सरळ न जाता तिरकी तिरकी जाते. आणि शेजारची बोट पुढं गेली म्हणून वाईट वाटून घ्यायचं नाही, ती मोठी असेल.

आता मुख्य प्रश्न, गप्प झाली तर. हे आपण ठरवायचं नाही, स्किपरबाईंबरोबर बसून ठरवायचं आणि कागदावर लिहायचं. मी असतो तर असं लिहिलं असतं: मेसेज नाही पण ट्रॅकर चालतोय, तर काही करायचं नाही, किती का दिवस होईनात. ट्रॅकर बंद पण मेसेज येतोय, तरी काही करायचं नाही, डबीची बॅटरी. दोन्ही बंद झाले तर एक दिवस थांबून रॅलीच्या ऑफिसला ईमेल टाकायचा आणि स्किपरबाईंच्या घरच्या माणसाला विचारायचं, त्यांच्याकडं दुसऱ्या बोटींकडनं रेडिओवर काही कळलेलं असू शकतं. तिथनं पुढं ते सांगतील तसं. बोटीला इंग्लंडचा झेंडा असेल तर शेवटचा दरवाजा तिथला कोस्टगार्ड. इथनं काहीच सुचलं नाही तर आपल्या कोस्टगार्डचा १५५४ आहे, मुंबईला त्यांचं समन्वय केंद्र आहे, जगभरातली अशी केंद्रं एकमेकांच्या संपर्कात असतात. पण तू रात्री दोनला उठून पहिला फोन तिथं लावू नको.

२०१९ च्या महापुरात शिरोलीला हायवे बंद, आंबेवाडी-चिखलीतल्या पाहुण्यांचे फोन लागत नव्हते, आणि इकडं आपण काय काय कल्पना करून बसलो होतो. बहुतेकांची फक्त बॅटरी उतरली होती. तुझ्या आईला ते दिवस आठवत असतील, त्यावरनं समजाव.

आणि एवढीशी टेक्स्टची डबी काय कामाची असं कुणाला वाटत असेल तर अभिलाष टॉमींचं आठवा. आपल्या नेव्हीचे, २०१३ मध्ये न थांबता एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केलेले पहिले भारतीय. २०१८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या रेसमध्ये दक्षिण हिंदी महासागरात बोट उलटली, डोलकाठी मोडली, पाठीला इतका मार की उठता येईना. सॅटेलाइट फोन हाताशी नाही. जवळच्या टेक्स्टच्या यंत्रावर चार-चार शब्द टाईप केले, त्यावरनं जगाला कळलं माणूस कुठल्या हालतीत आहे. फ्रेंच मासेमारी गस्तीचं जहाज ओसिरिस पोचलं आणि त्यांना उचललं. त्याच माणसानं पुढची रेस परत केली आणि २०२३ ला दुसरा नंबर काढला. आमच्या जातीचा माणूस, म्हणजे दर्याच्या जातीचा.

नादखुळा_कोल्हापूर:

काका तुमी पुस्तक लिवा 🙏 मस्करी नाही

मंगळवारपेठकर:

काल रात्री धाकटीशी तासभर बोललो. कागद तयार झाला, स्किपरबाई पण व्हिडिओवर आल्या होत्या, काकांचं आहे तसंच ठेवलं, फक्त एका दिवसाऐवजी त्यांनी छत्तीस तास केले. बाबांनी कागद लॅमिनेट करून आणला, फ्रिजवर लावलाय.

ताई, आजीचं विचारलं. धाकटी म्हणाली काहीही झालं तरी त्याच दिवशी कळवायचं, सेंट लुसियाला पोचल्यावर कळलं तर मी तुमच्याशी बोलणार नाही. फोन ठेवला तर आजी दारात उभी, तिनं सगळं ऐकलेलं. मला बाजूला घेऊन म्हणते, मला काय झालं तर पोरीला अजिबात कळवायचं नाही, तिला तिकडं पाण्यात रडवू नका, शपथ घे. आता मी करू काय?

जहाजावरच्याची_बायको:

आजींना हो म्हणा आणि पोरीचं ऐका. आजींना पण ते माहीत असणार.

व्हीयूवाला_सांगली:

+१

दर्यावर्दी_काका:

ताईंशी सहमत.

एक राहिलं. बोटीवर ईपर्ब नावाचा पिवळा बीकन असणार, ४०६ मेगाहर्ट्झचा, बोट बुडायला लागली तर तो वाजवतात. त्याची नोंदणी असते आणि त्यात घरच्या माणसांचे नंबर असतात. तो वाजला की शोधकार्यवाले सगळ्यात आधी त्याच नंबरांवर फोन करतात, खरंच बोट समुद्रात आहे का कुणी चुकून बटण दाबलं ते विचारायला. बहुतेक वेळा चुकूनच असतं. तर त्या यादीत तुझा नंबर आहे का बघ, +९१ लावून लिहिलाय का बघ, आणि ते तीन आठवडे +४४ वरनं फोन आला तर ट्रूकॉलर लाल दाखवू दे नाहीतर काही दाखवू दे, उचलायचा. रात्री मोबाईल सायलेंटवर टाकायचा नाही. बोटीचं नाव, एमएमएसआय नंबर (बोटीच्या रेडिओचा ओळख नंबर), बोटीचा आणि शिडांचा रंग, माणसं किती, एवढं त्याच फ्रिजवरच्या कागदावर खाली लिहून ठेव, झोपेतनं उठून आठवत नाही.

मंगळवारपेठकर:

विचारलं. माझा नंबर होता पण +९१ नव्हतं. दुरुस्त करायला सांगितलंय. आणि बाबांना परत लॅमिनेशनवाल्याकडं पाठवलंय.